लॉस अलामोसजवळचे गुलाबी फुलांचे काटेरी झुडूप

अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यातील लॉस अलामोसजवळच्या डोंगरउतारावरील ज्या झुडपाची छायाचित्रे आपण दिली आहेत, ते गुलाबी फुलांवरून ‘ब्रिस्टली लोकस्ट’ (रोबिनिया या वनस्पतिगटातले एक झुडूप) असावे असा आपला तर्क आहे. माझ्या मते मात्र ते तिथलेच स्थानिक ‘न्यू मेक्सिको लोकस्ट’, म्हणजे रोबिनिया निओमेक्सिकाना आहे.

ध्वज (वरची मोठी पाकळी), पंख (बाजूच्या दोन) आणि नौतल (खालच्या जुळलेल्या) अशा पाकळ्यांच्या ठेवणीवरून शिंबी, म्हणजे शेंगा धरणाऱ्या वनस्पतींचे कुळ कळते, जाती कळत नाही. रंगावर तर विसंबूच नये, कारण रोपवाटिकांत मिळणारा ‘पर्पल रोब’ हा ब्लॅक लोकस्ट या त्याच गटातल्या वृक्षाचा वाणही जांभळट फुलतो. खरी खूण पानाच्या देठाच्या बुडाशी आहे. आपल्या दुसऱ्या छायाचित्रात तिथे उपपर्णांपासून (देठाच्या बुडाशी येणाऱ्या पानासारख्या छोट्या भागांपासून) झालेल्या टणक काट्यांची जोडी स्पष्ट दिसते. ब्रिस्टली लोकस्टच्या फांद्या तांबूस, राठ केसांनी भरलेल्या असतात, असे दणकट काटे त्याला नसतात, शेंगा क्वचितच धरतात आणि त्याचे मूळ घर अमेरिकेच्या आग्नेय भागात आहे. ब्लॅक लोकस्टलाही जोडीने काटे येतात, पण त्याचा उंच वृक्ष होतो, मूळ जातीची फुले पांढरी व सुगंधी असतात आणि शेंगा गुळगुळीत असतात. न्यू मेक्सिको लोकस्टच्या शेंगांवर बहुधा ग्रंथियुक्त, म्हणजे चिकट स्राव सोडणारी लव असते. या दोहोंचा संकरही होतो, म्हणून वस्तीलगतच्या झुडपाबाबत शेंगा पाहिल्याशिवाय मी इतक्या ठामपणे बोललो नसतो.

जागाही याच निष्कर्षाला दुजोरा देते. हेमेझ पर्वतातील हा परिसर 2000 सालच्या सेरो ग्रांडे वणव्यात होरपळला होता, आणि वरचा भाग जळाला तरी मुळांतून नवे कोंब काढून दाट जाळी करणे हा या झुडपाचा स्वभावच आहे.

आपल्याला कोकणातल्या गिरिपुष्पाची (ग्लिरिसिडियाची) आठवण झाली, ती अस्थानी नाही: वनस्पतिशास्त्रज्ञ जॅक्विनने 1760 मध्ये त्याचे वर्णन रोबिनिया सेपियम या नावानेच केले होते. गिरिपुष्पाला मात्र काटे नसतात आणि कडक हिवाळा त्याला सोसत नाही.

अंगणात लावण्याचा विचार असेल, तर भिंतीपासून बरेच दूर लावावे, कारण मुळांतून फुटणारे धुमारे आवरणे कठीण जाते. साल आणि बिया विषारी असल्याने लहान मुले व घोडे यांच्यापासूनही ते लांबच असावे.