यादीत नसलेल्या मापाचा कागद

प्रश्न : आमच्याकडील जुन्या नोंदींची सुटी पाने १९० मिमी रुंद आणि ३२० मिमी लांब आहेत. स्कॅन करताना ‘ए४’ निवडले की खालच्या ओळी कापल्या जातात आणि ‘लीगल’ निवडले की बाजूला व खाली रिकामी पट्टी येते. नेमके आपलेच माप कसे द्यावे?

उत्तर : ए४ची लांबी २९७ मिमी असल्याने आपल्या पानाचा तळाचा २३ मिमी भाग बाहेर राहतो, तर लीगल २१६ × ३५६ मिमीचे असल्याने कोरी जागा उरते. मात्र माप भरण्यापूर्वी आपण पाने काचेवर ठेवता की फीडरमधून (पाने आपोआप आत ओढणाऱ्या भागातून) देता, हे पाहावे लागेल. ए४ आकाराची काच सॉफ्टवेअरमध्ये कितीही मोठा आकडा भरला तरी वाढत नाही. त्यामुळे ही पाने फीडरमधूनच, किंवा अधिक लांब काच असलेल्या यंत्रावर स्कॅन करावी लागतील.

नवे माप शक्यतो स्कॅनरच्या ड्रायव्हरच्या (संगणकाकडून स्कॅनर चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) स्वतःच्या खिडकीत भरावे. अनेक प्रोग्रॅम आपली छोटी, सुटसुटीत खिडकी दाखवतात आणि तिच्यात ‘कस्टम’ (स्वतःचे माप) हा पर्याय नसतोच. तेथे ‘ड्रायव्हरची खिडकी दाखवा’ अशा अर्थाची खूण शोधावी. फीडरमध्ये कागद थोडा सरकतो, म्हणून दोन्ही दिशांना ४ मिमी वाढवून १९४ × ३२४ असे माप द्यावे आणि त्याला ओळखता येईल असे नाव देऊन ते जतन करावे. एकक मिलिमीटर आहे की इंच, हे आधी तपासावे. ही चूक सरावलेल्या माणसांकडूनही होते.

माप बरोबर असूनही एकच बाजू कापली जात असेल, तर दोष बहुधा जागेचा असतो. काचेवर मोजणी कोपऱ्यापासून सुरू होते, पण बऱ्याच फीडरमध्ये कागद मधोमध जातो. म्हणून फीडरच्या दोन्ही पट्ट्या कागदाला टेकवाव्यात आणि स्कॅनचा स्रोत ‘फीडर’ असाच निवडावा. आकार आपोआप ओळखण्याची सोय मोहक असली, तरी फाटक्या कडांच्या जुन्या पानांसाठी मी ती बंदच ठेवीन, कारण तिला कड कोठे संपते हे नीट उमगत नाही.

पहिले पान ३०० डीपीआयला (दर इंचाला ३०० ठिपके) स्कॅन करून चित्राचे गुणधर्म पाहावेत : ते सुमारे २२९१ × ३८२७ पिक्सेलचे असेल, तर आपले माप यंत्रापर्यंत पोहोचले आहे.