दगडफूल नुसतं हुंगून पारखू नकोस

अगं, पहिल्यांदाच गोडा मसाला करतेयस ना? मग मार्केट यार्डाच्या भुसार बाजारातून किलोकिलोने आणू नकोस. मंडईजवळच्या दुकानातून 50-50 ग्रॅम घे. दळलेल्या मसाल्याचा वास लवकर उडतो, अख्खा बराच टिकतो.

गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाला, म्हणजे दगडांवर-झाडांवर वाढणाऱ्या त्या वाळक्या पापुद्र्यांना, कच्चं असताना फारसा वास नसतो, म्हणून बऱ्याच जणी ते वगळतात. तसं मुळीच करू नकोस! ते निवडून, माती-सालं झटकून थेंबभर तेलात मंद आचेवर परत. जो खमंग वास सुटतो, तोच आपल्या आमटीचा. प्रत्येक जिन्नस वेगळा भाज, कारण धणे होईपर्यंत तीळ करपतात. खोबरं शेवटी, आणि सगळं पूर्ण गार झाल्यावरच दळ.

कसुरी मेथी मात्र भाजी उतरवताना तळहातावर चुरून घाल. ओल्या मेथीच्या अंदाजाने घातलीस तर भाजी कडू होईल. साधारण एक तृतीयांश पुरते.

आणि बरणी उघडी धरून वाफेवर मसाला भुरभुरवू नकोस गं, पावसाळ्यात तर नाहीच. आत ओल गेली की गुठळ्या होतात, बुरशी धरते. कोरड्या चमच्याने वाटीत काढून घे.