वाचक विचारतात : इंग्रजी शिकवायला परदेशी निघताना

एसएसएलसी (दहावी) मराठी माध्यमातून झाली, पीयूसी (अकरावी-बारावी) आणि बीए इंग्रजीतून. बी.एड. नाही. जपान किंवा कोरियात इंग्रजी शिकवायला जाता येईल काय? – एक वाचक, खानापूर

जपानचा नाद तूर्त सोडा. तिथं भाषा शिकवण्याच्या व्हिसासाठी त्या भाषेतून किमान 12 वर्षं शिक्षण झालेलं असावं लागतं. तुमची पीयूसीची दोन आणि पदवीची तीन धरून पाचच होतात. इंग्रजी कितीही चांगलं असलं तरी हा हिशोब बदलत नाही. कोरियात भारतीयांना वाट मिळाली ती 2010 पासून लागू झालेल्या व्यापार करारामुळे, पण ती सरकारी शाळांपुरती. त्यासाठी पदवीबरोबर इंग्रजी शिकवण्याची शिक्षक-पात्रता लागते. म्हणजे बी.एड. करायचंच असेल तर कोरिया डोळ्यासमोर ठेवून करा.

आत्ताच्या कागदांवर थायलंड जवळचा. पदवी कुठल्याही विषयाची चालते, पण मातृभाषा इंग्रजी नसल्यानं शाळा सहसा टोइक या इंग्रजीच्या परीक्षेत 600 गुण मागतात. टोइकचा निकाल दोनच वर्षं चालतो, म्हणून फार आधी देऊन ठेवू नका. इंग्रजी शिकवण्याचं प्रशिक्षण 120 तासांचं आणि खऱ्या वर्गात शिकवायला लावणारं घ्या. सेल्टा या इंग्रजी शिक्षकांच्या अभ्यासक्रमात परीक्षकासमोर सहा तास शिकवावं लागतं. शनिवार-रविवारात मिळणाऱ्या ऑनलाइन प्रमाणपत्रात हे नसतं, आणि मुलाखत घेणाऱ्याला ते लगेच कळतं.

जन्म बेळगावचा, पदवी शिवाजी विद्यापीठाची. कागद खरे असल्याचं साक्षांकन बेंगळुरूत की मुंबईत? – एक वाचक, शहापूर, बेळगाव

दोन्हीकडे. सीमाभागातल्या मुलांची गाडी नेमकी इथंच अडते. ज्या राज्यातल्या संस्थेनं कागद दिला, शिक्का त्याच राज्याचा लागतो. कोल्हापूरची पदवी महाराष्ट्राच्या उच्च शिक्षण खात्याकडे, तर बेळगावचा जन्मदाखला आणि मार्क्स कार्ड कर्नाटकाकडे. पदवीची आधी विद्यापीठाकडून पडताळणी, मग राज्य, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टील, म्हणजे परदेशात चालणारा शिक्का, असा क्रम. समोरचा देश अपोस्टील मानत नसेल तर मंत्रालयानंतर त्या देशाच्या वकिलातीचा शिक्काही घ्यावा लागतो. शाळेकडून हे लेखी विचारून घ्या.

लॅमिनेट केलेल्या कागदावर शिक्का बसत नाही. बऱ्याच घरांत मार्क्स कार्ड हौसेनं लॅमिनेट करून ठेवलेलं असतं. ते खरवडत बसू नका, कागद फाटतो. बोर्डाकडून दुय्यम प्रत काढा.

दुसरी अडचण नावाची. एसएसएलसीच्या कार्डावर आडनाव आधी, पदवीवर शेवटी, पासपोर्टवर वडिलांचं नाव मधे, नाहीतर नुसतं आद्याक्षर. परदेशातल्या कारकुनाला ही तीन माणसं वाटतात. एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र काही ठिकाणी चालतं, पण पासपोर्ट पदवीशी जुळवून घेतलेला बरा. ‘बेलगाम’ आणि ‘बेळगावी’ या फरकाची काळजी नको. 1 नोव्हेंबर 2014 पासून नाव बदलल्याची अधिसूचना आहे, तिची प्रत जोडा.

पोलिस दाखला सगळ्यात शेवटी काढा, आणि तो पासपोर्ट सेवेतूनच. ठाण्यातलं साधं पत्र चालत नाही. बरेच देश सहा महिन्यांच्या आतला दाखला मागतात. आधी काढला तर पदवीचे शिक्के होईतो तो शिळा होतो.

एजंट म्हणतोय, लेकीला टुरिस्ट व्हिसावर बँकॉकला पाठवा, नोकरीचे कागद तिथं करू. दीड लाख मागतोय. – एक आई, निपाणी

ताई, पाठवू नका. नोंदणीकृत एजंटला 30,000 रुपये आणि त्यावर जीएसटी, यापेक्षा जास्त शुल्क घेता येत नाही. नोंदणी क्रमांक सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासा. बँकॉकच्या नोकरीचं आमिष दाखवून मुलांना थायलंडच्या सीमेवरच्या माए सोतमार्गे म्यानमारच्या म्यावाडीत नेऊन ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपल्याचे प्रकार घडले आहेत. खरी शाळा आधी नियुक्तीपत्र आणि व्हिसासाठीचे कागद पाठवते.

डेमो लेसनमध्ये माझा ‘पेन’ त्यांना ‘बेन’ ऐकू आला. काय चुकलं? – एक वाचक, चंदगड रस्ता, बेळगाव

आपला ‘प’ कोरडा, इंग्रजी शब्दाच्या सुरुवातीचा ‘प’ श्वास सोडणारा. कागदाची बोटभर रुंद पट्टी ओठांपासून चार बोटांवर धरा. ‘पेन’ म्हणताना ती हलली पाहिजे, ‘स्पिन’ म्हणताना नाही. ‘ट’ आणि ‘क’लाही हेच. मात्र ‘फेन’ होऊ देऊ नका, ओठ आधी पूर्ण मिटलेले हवेत. थाई भाषेत कोरडा आणि श्वासाचा असे दोन वेगळे ‘प’ आहेत, त्यामुळं तिथल्या पोरांना ही चूक चटकन कळते. रोज दहा मिनिटं सराव पुरे.

शिकवताना देश बघायला वेळ मिळतो का? स्कूटरवर फिरता येईल काय? – एक वाचक, अनगोळ

थायलंडमध्ये शाळा मेपासून मार्चपर्यंत असतात, मधे ऑक्टोबरची सुट्टी. ऑक्टोबरात फुकेतच्या बाजूला अजून पाऊस असतो, तेव्हा चियांग माई गाठा. मार्च-एप्रिलमध्ये उलटं करा. उत्तरेत शेतं आणि रानं पेटवल्याचा धूर असतो. आपल्याकडं ऊस गेल्यावर पाचट जाळतात तसाच, फक्त आठवडेच्या आठवडे.

लाओसला दोन दिवस जाऊन यायचं तर आधी री-एंट्री परमिट, म्हणजे परत येण्याची परवानगी, घ्या : एकदाचं 1,000 बात, कितीही वेळाचं 3,800. ते न घेता सीमा ओलांडली की राहण्याची परवानगी रद्द होते आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. सलग 90 दिवस झाले की इमिग्रेशनला पत्ता कळवायचा असतो, तोही विसरू नका.

आरटीओतून मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना एक वर्षाचा आणि 1949 च्या करारावरचा. थायलंडमध्ये तो चालतो, मात्र त्यावर दुचाकीचा वर्ग हवा. व्हिएतनाम 1968 चा करार मानतो, त्यामुळं तिथं आपला परवाना निरुपयोगी. भाड्यानं स्कूटर देणारा विचारणार नाही, पण अपघात झाला तर विमा कंपनी पैसे नाकारते. व्हिएतनाममध्ये शिकवण्या संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी असतात, म्हणून फिरायचं ते आठवड्याच्या मधल्या दिवसांत, गर्दी टाळून. हुए ते दा नांग रेल्वेनं जा. हाय वान घाटात गोव्याकडे कॅसलरॉकचा घाट उतरताना वाटतं तसंच वाटतं, फक्त खाली समुद्र. हुएहून निघताना डाव्या खिडकीची जागा मागा.