किल्ट घ्या, पण पेन्शन मोडून नको

एडिनबराहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. वय ३२, मूळचे साताऱ्याचे, सॉफ्टवेअरमध्ये नोकरी, पगार वर्षाला ४२,००० पौंड. ऑगस्टमध्ये लग्न आहे. मुलगी स्कॉटिश, लग्न स्टर्लिंगजवळच्या एका जुन्या वाड्यात दुपारी एक वाजता. प्रश्न किल्टचा, म्हणजे स्कॉटिश पुरुष नेसतात त्या गुडघ्यापर्यंतच्या चुणीदार लोकरी घागऱ्याचा: ‘तिच्याकडचे सगळे पुरुष किल्टमध्ये असतील. मी, बाबा, धाकटा भाऊ आणि काका, आम्ही चौघांनी पूर्ण पोशाख विकत घ्यावा की भाड्याने? विकत माणशी साधारण १,१५० पौंड, भाडं १२०. दुकानदार म्हणतो ही गुंतवणूक आहे, नातवापर्यंत चालेल. शिवाय माझं आडनाव मॅक-बिक काही नाही, मग टार्टन (एकेका कुळाची म्हणून ओळखली जाणारी चौकटींची वीण) कुठला घालू?’

पत्राच्या शेवटी, जाता जाता, तीन वाक्यं आहेत. ‘पैशांची सोय आहे. तीन वर्षांपूर्वी कंपनीच्या पेन्शनमधून बाहेर पडलो होतो, गेल्या महिन्यात त्यांनी आपोआप परत घातलं, पण लग्नाचा खर्च आहे म्हणून पुन्हा बाहेर पडलो. भारतातली पॉलिसी चालूच आहे, त्यामुळे म्हातारपणाची काळजी नाही.’

आधी किल्टचं उरकून टाकू, कारण ते सोपं आहे.

दुपारच्या लग्नाला प्रिन्स चार्ली जॅकेट घेऊ नका. तो बो-टाय आणि तीन बटणांच्या वेस्टकोटाचा पोशाख मुळात संध्याकाळच्या मेजवानीचा. भाड्याची दुकानं भरदुपारीही सर्रास तोच देतात, तो भाग वेगळा. अर्गाइल जॅकेट घ्या. ते साध्या टायवर दुपारी चालतं, बो-टायवर रात्री चालतं, जानेवारीतल्या बर्न्स नाइटला, म्हणजे कवी रॉबर्ट बर्न्सच्या स्मरणार्थ होणाऱ्या जेवणालाही चालतं. स्पोरन, म्हणजे पुढे लटकणारी ती पिशवी, सेमी-ड्रेस प्रकारातली घ्या, म्हणजे एकाच स्पोरनवर सगळे प्रसंग निभतात. वेस्टकोट असेल तर पट्टा लावायचा नसतो, तेवढेच पैसे वाचले. घिली ब्रोग म्हणजे घोट्यावर नाडी गुंडाळायचे ते बूट नाही घेतले तरी चालतं. तुमच्याकडे काळे लेसचे बूट असणारच, ते पॉलिश करा.

तुम्ही तिथेच राहणार, सासर तिथलं, वर्षाला दोन-तीन प्रसंग येणारच. तेव्हा तुमच्यापुरता किल्ट विकत घेणं मला पटतं. शुद्ध लोकरीचा, आठ यार्डांचा, हाताने शिवलेला घ्या, ५०० पौंडांच्या आसपास. शिवून यायला दोन-तीन महिने लागतात, त्यामुळे ऑर्डर याच महिन्यात द्या. खरा पैसा असतो तो मागच्या चुण्यांमध्ये. रॉयल माइलवरच्या पर्यटकी दुकानातला स्वस्त अ‍ॅक्रिलिकचा किल्ट एका पावसात ओल्या गोधडीसारखा लोंबतो. जॅकेट मात्र नवं घेऊ नका. भाड्याची दुकानं जुना माल काढतात, त्यात दीडशेच्या आत मिळून जाईल. स्पोरन, मोजे, फ्लॅशेस (मोज्यांवर लावायच्या फिती), पिन धरून तुमचं सगळं ८०० पौंडांत बसावं. बाकी तिघांना भाड्याने: ३६०. एकूण ११६०, म्हणजे तुमच्या ४,६०० मधले साधारण ३,४०० वाचले. हा आकडा लक्षात ठेवा.

टार्टनबद्दल: कुळाचं नाव लागतंच असा कुठलाही कायदा नाही. एक बॅल्मोरल टार्टन तेवढा राजघराण्यापुरता राखून ठेवलेला आहे, बाकी बहुतेक मोकळं रान आहे. ब्लॅक वॉच हा गडद निळा-हिरवा टार्टन घ्या, एडिनबरा शहराचा टार्टन घ्या, किंवा होणाऱ्या सासऱ्यांना विचारून त्यांच्या घराण्याचा घ्या. त्यांना बरं वाटेल. अमुक कुळाला तमुक टार्टन ही शिस्त आज आपल्याला जितकी पुराणी वाटते तितकी ती नाही. १८२२ साली राजा चौथा जॉर्ज एडिनबराला आला, सर वॉल्टर स्कॉटने त्याच्या स्वागताचा थाट मांडला आणि तिथून टार्टनचं वेड पसरलं. तेव्हा दुकानदाराने ‘परंपरा’ म्हणत आवाज गंभीर केला की बिलाकडे बघा.

आणि ‘गुंतवणूक’ हा शब्द त्याला परत करा. किल्ट हा कपडा आहे. चांगला कपडा आहे, पण कपडाच.

आता त्या तीन वाक्यांकडे येतो, कारण ४,६०० पौंडांचा प्रश्न विचारणाऱ्या माणसाने त्याहून मोठी रक्कम आधीच वाऱ्यावर सोडली आहे.

तुम्हीच लिहिलंय की तुम्ही पगाराचे ५ टक्के घातले तर कंपनीही ५ टक्के घालते. म्हणजे वर्षाला तुमचे २,१०० आणि कंपनीचे २,१००. तुमच्या हिश्शावर तुम्हाला स्कॉटलंडच्या २१ टक्के दराने कर लागत नाही, म्हणून खिशातून जातात फक्त १,६६०. पेन्शन खात्यात पडतात ४,२००. पहिल्याच दिवशी पैसे अडीचपट! हे बाजाराच्या कृपेने नाही, पगाराच्या चिठ्ठीवर. तीन वर्षांत तुम्ही कंपनीचे ६,३०० पौंड नाकारलेत. पौंडाला ११५ रुपये धरले तर सव्वासात लाख. चार किल्ट-सेटच्या किमतीपेक्षा जास्त.

पहिल्यांदा बाहेर पडलात त्याचं कारण काय दिलंत? ‘कधीतरी भारतात परत येईन, मग पैसे तिथे कशाला अडकवू.’ ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणी तरी सांगितलं म्हणे. देश सोडला तरी ते खातं तुमच्याच नावावर राहतं. अडकतात हे खरं आहे, ते मी लपवत नाही. सध्या ५५ व्या वर्षी हात लावता येतो, एप्रिल २०२८ पासून ५७ व्या. तेव्हा पाव हिस्सा करमुक्त आणि बाकीवर कर. पण वर्षाला ४,२०० पौंड, पगार एक पैनेही न वाढता, ५ टक्क्यांनी २५ वर्षं वाढले तर दोन लाख पौंड होतात. तुमच्या खिशातून गेलेले साडेएकेचाळीस हजार. यापुढे ‘अडकले’ ही तक्रार किती वजनाची आहे ते तुम्हीच ठरवा.

आणि आता ‘भारतातली पॉलिसी’.

तिचा कागद तुम्ही जोडला होता म्हणून बरं झालं. वर्षाला ३ लाख, दहा वर्षं भरायचे, विसाव्या वर्षी ६५ लाख ‘गॅरंटीड’. तीन हप्ते भरून झालेत. तीस लाखांचे पासष्ट, ऐकायला किती गोड! पण वीस वर्षांचा हिशेब मांडला की परतावा निघतो ५ टक्क्यांच्या आसपास. साताऱ्यातल्या कुठल्याही पोस्टात पीपीएफ ७.१ टक्के देतो. एनआरआयला नवं पीपीएफ खातं उघडता येत नाही हे मला माहीत आहे, तुलना कळावी म्हणून सांगतोय. त्यात तुम्ही पौंडांत कमावता आणि रुपयांत साठवता. वीस वर्षांपूर्वी पौंड ८० रुपयांच्या आसपास होता. शिवाय भारतात ही रक्कम करमुक्त असली तरी तुम्ही ब्रिटनचे रहिवासी असताना ती हातात आली, तर नफ्यावर तिथे कर लागतो. विकणाऱ्याने हे सांगितलं नसेल. विमा म्हणाल तर ३० लाखांचा, म्हणजे २६,००० पौंड. तुमच्या बायकोचा साडेसात महिन्यांचा आधार. याला म्हातारपणाची सोय म्हणत नाहीत.

ज्यांनी विमानात बसायच्या आदल्या आठवड्यात ही पॉलिसी गळ्यात बांधली, तेच हे काका ना, ज्यांच्यासाठी आता १,१५० पौंडांचा किल्ट घ्यायचा चालला आहे?

रागाच्या भरात सरेंडर मात्र करू नका. तुमच्या कागदाप्रमाणे आज हमी आहे भरलेल्या रकमेच्या ३५ टक्क्यांची, म्हणजे ९ लाखांचे तीन लाख पंधरा हजार. तोट्यात हात धुऊन बसाल. पॉलिसी पेड-अप करा. हप्ते बंद, आणि प्रमाणात धरलं तर विसाव्या वर्षी साडेएकोणीस लाखांच्या आसपास. काही पॉलिसींत यातून आणखी कापतात, म्हणून नेमका आकडा कंपनीकडून लेखी मागवा, काकांच्या तोंडून नको. आज तीन लाख पंधरा हजार घेऊन ते सतरा वर्षांत साडेएकोणीस करायला ११ टक्के लागतील. तेव्हा मेलेली पॉलिसी पडू द्या तशीच. पुढचे सात हप्ते भरायचे ठरवलेत तर त्या २१ लाखांवर मिळणार साडेपाच-पावणेसहा टक्के. आणि तेच पैसे एचआरच्या दारात अडीचपट व्हायला उभे आहेत. एक हप्ता म्हणजे २,६०० पौंड, पेन्शनच्या १,६६० पेक्षा बरेच जास्त. म्हणजे लग्नाच्या खर्चाचं निमित्तही राहत नाही. किल्टमध्ये वाचलेल्या ३,४०० मध्ये तर तुमचा दोन वर्षांचा हिस्सा निघतो.

एचआरला आजच मेल टाका: मला परत पेन्शनमध्ये घ्या. वर्षातून एकदा तुम्ही अशी मागणी केलीत तर त्यांना घ्यावंच लागतं. नोकरीत असताना मृत्यू झाल्यास किती रक्कम मिळते आणि ती पेन्शनशी जोडलेली आहे का, तेही त्याच मेलमध्ये विचारा. लग्न झाल्यावर नॉमिनी बदला. आणि हप्ता ज्या खात्यातून जातो ते अजून साधंच बचत खातं असेल, तर ते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचं रुपयांतलं खातं, करून घ्या. एनआरआयला साधं खातं ठेवायची परवानगी नाही.

जूनचा हप्ता कापला जाण्यापूर्वी ऑटो-डेबिट बंद करा. काकांचा फोन येईल. बाबांना तो घेऊ देऊ नका, तुम्ही घ्या.

एक गोष्ट राहिली. मी स्टर्लिंगलाच एका क्लायंटच्या लग्नाला किल्ट घालून गेलो होतो, भाड्याचा. दुकानाने कमरेचं माप विचारलं, मी बिनदिक्कत पँटचा नंबर सांगितला. किल्ट बेंबीवर बसतो, पँट आपण पोटाखाली घालतो, त्यामुळे माझे पट्टे शेवटच्या भोकापर्यंतही पोचेनात. वर पिन मी दोन्ही पदरांतून आरपार टोचली. ती फक्त वरच्या पदराला लावायची असते. बसलो तसा कपडा ताणला, आणि नवरीच्या आजीने सगळ्यांसमोर वाकून ती सोडवली. तेव्हा बाबांचं माप टेपने घ्या, बेंबीवरून, श्वास सोडायला लावून. लांबीसाठी त्यांना गुडघ्यांवर बसवा, कडा जमिनीला जेमतेम टेकायला हवी. काकांचंही घ्या. भाड्याचा आहे, १२० पौंडांत होतं.