पादपथावरील अपघात, नगरपरिषद आणि दाव्याची मुदत

पावसाळा ओसरला की रत्नागिरी-सिंधुदुर्गातून एकाच आशयाची पत्रे येऊ लागतात: शेवाळलेल्या पादपथावर घसरून किंवा गटारावरच्या मोडक्या लादीत पाय अडकून हाड मोडले, आता दाद कोणाकडे मागायची? त्यांतील काही प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : सरकारी संस्थेवर दावाच करता येत नाही, असे शेजारी सांगतात. खरे आहे का? (चिपळूण)

खरे नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १९६५ च्या कस्तुरीलाल खटल्यात राज्याला मिळालेले संरक्षण पोलिसांनी केलेल्या जप्तीसारख्या सार्वभौम अधिकारातील, म्हणजे केवळ राज्यच करू शकते अशा कामाबद्दल होते. पादपथाची निगा त्यात मोडत नाही. चांदणी चौकातील घड्याळाचा मनोरा कोसळून माणसे दगावली, तेव्हा १९६६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली महानगरपालिकेलाच जबाबदार धरले. मात्र १९९७ मध्ये, राजकोटला झाड अंगावर पडून पादचारी दगावल्याच्या प्रकरणात, महानगरपालिकेचा निष्काळजीपणा त्याच न्यायालयाने मान्य केला नाही. म्हणजे दावा करता येतो, पण हयगय सिद्ध करावी लागते.

प्रश्न : आई गणेशचतुर्थीच्या आधी पडली. नगरपरिषदेत ‘पुढच्या सभेत विषय घेऊ’ असे सांगतात. थांबावे का? (मालवण)

अजिबात थांबू नका. संस्थेचे खरे कवच मुदतीत आहे आणि ते तिच्या हाती आपणच देतो. महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ च्या कलम ३०४ प्रमाणे अशा दाव्यापूर्वी लेखी नोटीस देऊन एक महिना थांबावे लागते आणि दावा त्याचे कारण, म्हणजे अपघात, घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत दाखल करावा लागतो. तोंडी आश्वासनाने हे महिने थांबत नाहीत. चांगली प्रकरणे केवळ यामुळे बुडालेली पाहिली की जीव तुटतो. आजच त्या लादीची छायाचित्रे काढा. तुटलेली कड, बाहेर आलेली सळई आणि शेजारच्या दुकानाची पाटी एकाच चौकटीत यावी, कारण दुरुस्ती झाली की पुरावाही सिमेंटखाली जातो. रुग्णालयाची कागदपत्रे जपा, अर्जाची पोच घ्या. रस्ता नगरपरिषदेचा, जिल्हा परिषदेचा की सार्वजनिक बांधकाम विभागाचा, हे माहितीच्या अधिकारात विचारा. परंतु उत्तराला तीस दिवस लागू शकतात, तोवर नोटीस अडवू नका. शासनाच्या विभागाविरुद्ध दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० नुसार दोन महिन्यांची नोटीस लागते, म्हणून मालकीबद्दल शंका असल्यास नगरपरिषद आणि शासनाचा विभाग अशा दोन्हीकडे नोटीस देण्याबाबत वकिलांना याच आठवड्यात भेटा.

प्रश्न : घरपट्टी भरतो, मग ग्राहक आयोगात जाता येईल का? (वेंगुर्ले)

नाही, कर भरल्याने आपण ग्राहक ठरत नाही.

प्रश्न : एक गृहस्थ ‘हमखास भरपाई, तीस टक्के आमचे’ म्हणतात. (खेड)

सही करू नका. भरपाईत वाटा ठरवून फी घेणे वकिलांनाही निषिद्ध आहे आणि हमी कोणीच देऊ शकत नाही. महिला, अनुसूचित जाती-जमातींच्या आणि दिव्यांग व्यक्तींना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून उत्पन्नाची अट न लागता मोफत वकील मिळतो.

प्रश्न : खड्ड्यांसाठी सहा लाख मिळतात म्हणे. आमच्या पादपथालाही? (दापोली)

मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्डे व उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास सहा लाख आणि दुखापतीस पन्नास हजार ते अडीच लाख रुपये ठरवले. पादपथाची सैल लादी त्यात बसते की नाही, हे प्रत्येक प्रकरणाच्या तपशिलावर अवलंबून राहील; कागदपत्रांसह विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना भेटा आणि दाव्याची मुदत मात्र स्वतंत्रपणे सांभाळा.