टेक्सासात चालेल, बॅगेतून भारतात नको

प्रश्न : मी ग्रीन कार्डधारक, टेक्सासात राहतो. रायफलच्या नळीला लावायचा लिनियर कॉम्पेन्सेटर घेतला. बाराचा आवाज तो पुढे ढकलतो, बाजूच्यांचे कान वाचतात. रेंजवर एकाने ‘हा सायलेन्सर ठरेल’ म्हणून घाबरवलं. नोंदणी लागते का? डिसेंबरात गावी जाताना चुलतभावासाठीही एक न्यायचा आहे. रानडुकरांमुळे त्याने पीक संरक्षणासाठी बंदुकीचा परवाना काढलाय.

उत्तर : नोंदणीची काळजी सोडा. अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार सायलेन्सर म्हणजे बाराचा आवाज बंद करणारं, दाबणारं किंवा कमी करणारं साधन. तुमचं साधन आवाजाची फक्त दिशा बदलतं. कानांवरचे मफ मात्र काढू नका.

नुसत्या रूपावरून सायलेन्सर ठरवता येत नाही, हे २०१४ मध्ये वॉशिंग्टनच्या संघीय न्यायालयात न्या. जॉन बेट्स यांनी स्पष्ट केलं. एका मझल ब्रेकचे (बाराचा धक्का कमी करायला नळीच्या टोकाला लावतात ते साधन) तीन भाग सायलेन्सरसारखे आहेत, एवढ्यावरून एटीएफ या बंदुकांवर देखरेख करणाऱ्या संघीय संस्थेने त्याला सायलेन्सर म्हटलं होतं; आवाज मोजलाच नव्हता. तीन गोष्टी हत्तीसारख्या असल्या म्हणून उंदराचा हत्ती होत नाही, असं सुनावून त्यांनी प्रकरण परत पाठवलं. पण २०१६ मध्ये सिग सॉअर या बंदूक कंपनीच्या ब्रेकबाबत अपील न्यायालयाने एटीएफचीच बाजू उचलून धरली. त्या ब्रेकच्या आत सायलेन्सरचा गाभाच होता, वर नळकांडं चढवायचं तेवढं बाकी होतं.

म्हणून कळकळीने सांगतो, तुमच्या कॉम्पेन्सेटरमध्ये काही भरू नका, त्यावर काही चढवू नका. सायलेन्सरवरचा २०० डॉलरचा कर १ जानेवारी २०२६ पासून शून्य झाला, पण नोंदणी सुटलेली नाही. टेक्सासने २०२१ मध्ये स्वतःची बंदी उठवली, त्यानेही ती सुटत नाही. बिननोंदणी सायलेन्सर सापडला तर दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि ग्रीन कार्डही धोक्यात येतं. विक्रेत्याने जाहिरातीत ‘आवाज कमी होतो’ असं लिहिलं असेल, तर ते पान मला पाठवा.

आणखी एक. एच-वन-बीवरच्या मित्राला हौसेने रायफल हातात देत असाल, तर थांबा. त्या व्हिसावर, शिकारीच्या वैध परवान्यासारखा अपवाद नसेल तर, बंदूक बाळगणं हाच संघीय गुन्हा आहे.

आता भाऊ. इथे माझं उत्तर ठामपणे ‘नाही’ असंच आहे. आपल्या १९५९ च्या शस्त्र अधिनियमात, बाराचा आवाज किंवा जाळ कमी करण्यासाठी बनवलेली उपसाधनंही कलम २ खाली ‘अग्निशस्त्र’ या व्याख्येतच येतात. ‘किंवा जाळ’ हे शब्द नीट वाचा. तुमचा कॉम्पेन्सेटर जाळ थोडा जरी झाकत असला, तरी आवाज फक्त वळतो हा मुद्दा तिथे कामाचा नाही. शस्त्र भारतात आणायला वेगळा परवाना लागतो. भावाचा परवाना त्याच्या बंदुकीपुरता आहे. विमानतळावर कस्टम्सने बॅग उघडली की ही व्याख्या तुम्हाला कोठडीतून समजावत बसावं लागेल.

भावाच्या कानांसाठी चांगले इअरमफ न्या. त्यांना परवाना लागत नाही.