गाडीत एडीएएस असताना व्ही-टू-व्ही कशाला हवं? आणि सांगलीकडच्या रस्त्यांवर ते चालेल का?

तुमचा प्रश्न असा की घ्यायच्या गाडीत कॅमेरा-रडारवाली एडीएएस (धोका दिसला की इशारा देणारी, गरज पडली तर स्वतः ब्रेक मारणारी यंत्रणा) आहेच, मग व्ही-टू-व्ही, म्हणजे गाड्यांनी रेडिओवरून एकमेकींशी बोलायची ही नवी भानगड कशासाठी, आणि ती येईपर्यंत खरेदी लांबवावी का. लांबवू नका. का ते सांगतो. मी पुण्यात गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्सचं काम करतो, गाव आष्ट्याजवळ, त्यामुळे तुम्ही म्हणताय तो पेठ नाका-सांगली रस्ता पायाखालचा आहे.

कॅमेऱ्याला आणि रडारला जे दिसतं तेवढंच कळतं. पेठ नाक्यावरून सांगलीकडे तुम्ही एसटीच्या मागे ८० नं चाललाय आणि एसटीच्या पुढच्या कारनं करकचून ब्रेक मारला, तर तुमच्या गाडीला ते कधी कळणार? एसटी हळू झाल्यावर. (काही रडार पुढच्या गाडीच्या पोटाखालून पलीकडचं टिपतात, पण त्यावर भिस्त ठेवू नये.) ८० च्या वेगात सेकंदाला २२ मीटर मागे पडतात. माणसाचा पाय ब्रेकवर जायला दीड सेकंद धरला तरी ३३ मीटर गेले. व्ही-टू-व्ही असेल तर त्या कारचा निरोप एसटीला वळसा घालून थेट तुमच्याकडे येतो.

हा निरोप म्हणजे फार काही नसतं. मी इथे आहे, वेग इतका, तोंड अमुक दिशेला, ब्रेक लागलाय की नाही, माझी लांबी-रुंदी एवढी. सेकंदाला साधारण दहा वेळा ५.९ गिगाहर्ट्झच्या रेडिओवर हे सगळ्यांना ऐकवलं जातं, मोकळ्या रस्त्यावर तीनेकशे मीटरपर्यंत. मोबाइलच्या टॉवरची गरज नसते, मालकाचं नाव त्यात नसतं, आणि कोणी खोटे निरोप सोडू नयेत म्हणून प्रत्येकावर डिजिटल सही असते. तरीही परक्या गाडीच्या शब्दावर आपल्या गाडीला ब्रेक मारू देणं धोक्याचं, म्हणून आज हे जिथे आहे तिथे बहुतेक ठिकाणी नुसता इशारा मिळतो. ब्रेक मारायचं काम स्वतःच्या सेन्सरांकडेच.

आता ओव्हरटेकचं बघा. तुम्ही ६० नं, समोरून येणारा ८० नं, म्हणजे दोघांतलं अंतर सेकंदाला जवळजवळ ३९ मीटरनं कमी होतंय. तीनशे मीटरवरून निरोप आला तर हातात साडेसात सेकंद. उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्यांसकट २० नं चालला असेल तर त्याला पार करायला, आगेमागे थोडी जागा धरून, चार-पाच सेकंद लागतातच. जमतं, पण जेमतेम. आणि समोरच्याकडे हे यंत्र नसेल तर तुमच्या पडद्यावर काहीच येणार नाही.

खरी गोम इथेच आहे. रस्त्यावरच्या १० टक्के गाड्यांत हे यंत्र असलं, तर समोरासमोर येणाऱ्या दोघांकडेही ते असण्याची शक्यता १ टक्का. म्हणून कुठलीच कंपनी आधी पैसा ओतायला राजी नसते. अमेरिकेनं १९९९ मध्ये रेडिओलहरींचा ७५ मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा यासाठी राखून ठेवला, २०१६ च्या अखेरीस नव्या गाड्यांना सक्तीचा प्रस्ताव आणला, २०२० मध्ये त्यातले ४५ मेगाहर्ट्झ वाय-फायसारख्या वापराला द्यायचं ठरवलं आणि २०२३ मध्ये सक्तीचा प्रस्तावच मागे घेतला. शिवाय वाय-फायच्या जातीचा रेडिओ की मोबाइलच्या जातीचा, हे भांडण वेगळंच. दोघांना एकमेकांचं ऐकूच येत नाही. टोयोटानं २०१५ पासून जपानात आणि फोक्सवॅगननं आठव्या पिढीच्या गोल्फपासून युरोपात हे गाड्यांत दिलं, पण तिथेही वेगवेगळ्या लहरींवर.

आपल्याकडे हे आधी कुणाला द्यावं असं मला विचाराल तर वीस लाखांच्या गाड्यांना नव्हे. उसाच्या ट्रॉलीला द्या. गाळप हंगामात रात्री तिच्या मागे जाऊन बघा: फाळक्याच्या बाहेर दोन-तीन फूट ऊस लोंबतोय, रिफ्लेक्टर असलाच तर त्याखाली झाकलेला, टेललाइटची वायर कधीच तुटलेली. माझ्या गाडीच्या पडद्यावर ती कधी ट्रक म्हणून उमटते, कधी उमटतच नाही. ट्रॉलीनं दुसऱ्याचं ऐकायची गरज नाही, नुसतं ओरडत राहिली तरी पुरे. म्हणजे यंत्रही साधं लागेल.

पण त्यातही एक मेख आहे. यंत्र ट्रॅक्टरच्या मुंडीवर बसवलं तर ते मुंडीची जागा सांगणार आणि शेपूट राहणार पंधराएक मीटर मागे. मागच्याला वाटणार अजून भरपूर अंतर आहे. निरोपात मागच्या ट्रॉल्यांची माहिती घालायची सोय आहे, पण आज एक जोडली, उद्या दोन, ते यंत्राला सांगणार कोण? ते शेवटच्या ट्रॉलीवरच हवं, स्वतःच्या बॅटरीसकट. जिथे टेललाइट टिकत नाही तिथे हे टिकवणं कारखान्यानं मनावर घेतल्याशिवाय व्हायचं नाही.

दोन मर्यादा आणखी. साधा जीपीएस दोन-चार मीटर इकडेतिकडे होतो, त्यामुळे समोरचा तुमच्या लेनमध्ये आहे की शेजारच्या, याचा घोळ होतो; खंबाटकीच्या बोगद्यात तर उपग्रह दिसतच नाही. आणि पावसाळ्यानंतर फाट्याफाट्यावर डोक्यावर गेलेला हिरवा ऊस उभा असतो, त्यातून ही लहर धड पार होत नाही.

तेव्हा गाडी घ्या. एडीएएस घेताना कॅमेरा आणि रडार कुठे आहेत ते विचारून घ्या, रडारसमोर स्टीलचा गार्ड बसवू नका आणि चिखलाच्या दिवसांत ती जागा पुसत जा. व्ही-टू-व्ही पुढे आलंच तर अँटेना आणि जीपीएस असलेला वेगळा डबा जुन्या गाडीतही बसवता येतो. तो ब्रेकला जोडलेला नसेल, फक्त आवाज करून इशारा देईल.